श्री नसलेलं कार्ड

दाजी, कावळ्यानं इतकी घाई करायला नको होती.

दहाव्याला नदीवर आम्ही सगळे तयारीनिशी आलो होतो. तुमचे थोरले भाऊ हात जोडून पुढंच उभे होते. "तिची काळजी करू नगंस, आमी हाय," असं म्हणायचं त्यांनी घरूनच ठरवून आणलं होतं. चार जाणती माणसं अनुभवानं सावली धरून बसली होती, कारण अशा वेळी दुपार होते हे त्यांना माहीत. एकानं तर पानाची चंचीसुद्धा सोडली. आणि पिंड ठेवून भटजी दोन पावलं मागं सरतात तोच पलीकडच्या बाभळीवरनं एक कावळा उतरला, शिवला आणि गेला. थोरल्यांचे हात जोडलेलेच राहिले. चंची परत गुंडाळली गेली. "समाधानी माणूस," सगळे म्हणाले. "कशात जीव अडकला न्हवता."

माझं वाक्य मात्र तोंडातच राहिलं. दहा दिवस घोकलेलं वाक्य होतं. कावळा अडणार, एकेक जण पुढं होऊन आपापलं वचन देऊन थकणार, आणि मग मी पुढं होऊन म्हणणार, "दाजी, अक्काला सांगतो." एवढंच. की लगेच कावळा शिवणार, लोक माझ्याकडं वळणार, "काय सांगणार रं?" म्हणून विचारणार आणि मग मला सांगावंच लागणार. सगळा देखावा मी मनात जुळवून ठेवला होता. त्यात माझी थोडी ऐटही होती, हे लपवत नाही. तुम्ही ती संधीच दिली नाहीत. जन्मभर कुणाला अडवलं नाही, गेल्यावर तरी कशाला अडवाल. पण मला अडवायला हवं होतं, दाजी. अडवल्याशिवाय मी खरं बोलत नाही, हे तुमच्याएवढं कुणाला ठाऊक होतं?

ती कार्डाची गोष्ट मी किती वेळा सांगितली असेल, मोजदाद नाही. बारशाला सांगितली, लग्नाच्या जानवशात सांगितली, एकदा तर मयताहून परतताना एसटीत सांगितली आणि कंडक्टरनं तिकिटं फाडायची थांबवून ऐकली. दर वेळी माणसं पोट धरून हसली. तुम्हीही असायचात बऱ्याचदा, भिंतीला पाठ लावून, तोंडात सुपारीचं खांड. हसायचात, पण ओठांनी. बाकीच्यांना वाटायचं, तुमचा स्वभावच तसा.

आज ती तशी सांगत नाही. जशी झाली तशी सांगतो.

मी तेव्हा सांगलीत हळदीच्या पेठेमागच्या बोळात एका छापखान्यात खिळे जुळवायचो. शिशाची उलटी अक्षरं एकेक उचलायची आणि ओळीत बसवायची. ओळ सैल राहिली तर छापताना अक्षरं हलतात, म्हणून फटीत जाड कागदाचा तुकडा खोचून ती घट्ट करायची. काम बसून करायचं आणि बोटं काळी ठेवायचं. ह्या काळ्या बोटांपायी की माझ्या एकंदर अवतारापायी कोण जाणे, पण पाच मुलींनी मला नाकारलं होतं. आबांना, म्हणजे आमच्या वडलांना, त्याचा घोर लागला होता. ते जेवताना माझ्याकडं असं बघायचे, जसं न विकलेल्या बैलाकडं बाजार उठल्यावर बघतात.

मग सहावी हो म्हणाली. सुपारी फुटली. मला लगेच तुम्हाला आणि अक्काला पलूसला कळवायचं होतं. छापखान्यातच पोस्टकार्ड घेऊन बसलो. आता साध्या माणसानं लिहिलं असतं, "माझं लग्न ठरलं." पण मी साधा माणूस कसला. सरळ बातमी लिहिली तर मजा काय, जरा उत्सुकता लावावी, म्हणून मी लिहिलं: "आबांची काळजी एकदाची मिटली. सगळं शांतपणे पार पडलं. असाल तसे निघून या. बाकी भेटीत." वर कोपऱ्यात छान वळणदार श्री काढला. तेवढ्यात मालक ओरडले, की मुंजीच्या पत्रिकेची ओळ हलतीय. मी उठलो, ओळ बघितली, फट बघितली, हाताला जे जाड लागलं त्याचा तुकडा फाडला आणि खोचला. ओळ अशी घट्ट बसली म्हणता. घरी जाताना कार्ड पेटीत टाकलं. आपण काय फाडलं हे माझ्या ध्यानातच आलं नाही. माझा श्री कुणाच्यातरी मुंजीत उताणा पडून राहिला आणि कोपरा फाटलेलं, श्री नसलेलं कार्ड तुमच्याकडं निघालं.

आपल्याकडं असं कार्ड कशाचं असतं, हे सांगायला नको. ते घरात न्यायचं नसतं. बाहेरच वाचायचं आणि फाडून टाकायचं. आणि माझा मजकूर बघा: काळजी मिटली, शांतपणे पार पडलं, असाल तसे या. मयताचं कार्ड लिहायला मला बसवलं असतं तर याहून चांगलं लिहिता आलं नसतं.

पुढचं मला अक्काकडनं कळलं. त्या सोमवारी सकाळी तुम्ही इस्त्रीचा सदरा घालून पलूसच्या स्टँडवर उभे होतात. पोस्टमन तिथंच भेटला. तुम्ही कार्डाचा कोपरा बघितला, चार ओळी वाचल्या, कार्ड फाडून कॅनॉलात टाकलं आणि घरी येऊन अक्काला म्हणालात, "चल. आबा गेलं." तुम्ही कार्ड वाचत होतात तेव्हाच तुमची गाडी स्टँडला लागली होती. ती तुम्ही सोडलीत आणि तासगावमार्गे सांगलीची धरलीत.

इकडं आमच्या घरी मुलीकडची माणसं आली होती. माझे होणारे सासरे पाटावर बसले होते, हातात पेढा. बोळाच्या तोंडाशी अक्कानं रिवाजाप्रमाणं हंबरडा फोडला. शेजारच्या दोन बायका कोण गेलं हे न विचारताच बाहेर पळाल्या आणि तिच्या सुरात सूर मिसळून रडायला लागल्या. आबांना जरा उशिरा ऐकू आलं. ते धोतर सावरत दारात आले आणि मोठ्यांदा विचारते झाले, "कोण गेलं रं?"

अक्का त्यांच्याकडं बघतच राहिली. मग तिनं त्यांना मिठी मारली, मग मारायला लागली. "आवं, तुमी तर जित्तं हाय," म्हणत त्यांच्या छातीवर गुद्दे. आबा म्हणतात, "व्हय की. मग काय करू?"

इथं माणसं हसतात, दाजी. इथंच तुम्ही सुपारीचं खांड या गालातनं त्या गालात घ्यायचात.

मग तुम्ही आत आलात, हातपाय धुतलेत आणि शांतपणे विचारलंत, "कार्डाचा कोपरा कुणी फाडला?"

क्षणात मला सगळं दिसलं: मुंजीची पत्रिका, फट, माझा हात. आणि समोर सासरे. पेढा अजून त्यांच्या तोंडात गेला नव्हता. पाच नकारांनंतर मिळालेला सासरा होता तो. हे पोरगं लग्नाची खबर मयताच्या कार्डानं देतं, असं त्यांना कळलं तर पेढा खाली ठेवून उठतील, अशी मला धास्ती पडली. आणि माझं तोंड माझ्याआधी बोललं. "आबांनीच फाडला आसंल," मी म्हणालो. "कार्ड घरात पडलं हुतं. त्यास्नी कागदाची सुरळी करून कान कोरायची सवय हाय."

सगळं घर हसत सुटलं. म्हाताऱ्यानं स्वतःच्या मरणाचं कार्ड स्वतःच्या हातानं फाडलं. सासऱ्यांना हसून ठसका लागला. पेढा एकदाचा गेला. आबांनी माझ्याकडं बघितलं. जास्त नाही, पाणी पिऊन भांडं खाली ठेवायला लागतं तेवढंच. मग म्हणाले, "आसंल बाबा. माझाच हात."

हसत नव्हती ती एकटी अक्का. हशा ओसरल्यावर ती म्हणाली, "आज ह्यांचा कारखान्यात कॉल हुता. फिटरचा. अकरा वाजता."

तोवर घरात कुणालाच माहीत नव्हतं. तुम्ही सांगितलंच नव्हतं. मिळाल्यावर सांगू, असा तुमचा स्वभाव. विहिरीविहिरीवर सायकलनं हिंडून इंजिनं दुरुस्त करणाऱ्या माणसाला साखर कारखान्याची कायमची जागा आणि कारखान्याच्या चाळीतली खोली मिळणार होती. त्या खोलीत नळ होता. अक्का जाऊन तो सोडून बघून आली होती. स्टोव्ह कुठं ठेवायचा, पाट कुठल्या भिंतीला टेकायचे, सगळं तिनं ठरवलं होतं. ती आबांकडं वळून म्हणाली, "तुमच्या कानापायी माझ्या संसाराला पाणी मिळालं न्हाई."

त्या वेळी मी बोलू शकलो असतो. सासरे निघायच्या बेतात होते. पाच मिनिटं थांबून, ते गेल्यावर तरी बोलू शकलो असतो. मी त्यांना स्टँडपर्यंत सोडायला गेलो.

दुसऱ्या दिवशी तुम्ही कारखान्यावर जाऊन आलात. जागा भरली होती. तुम्ही सायकलला परत हत्यारांची पिशवी लावलीत आणि त्यावर कधी एक शब्द बोलला नाहीत. माझ्या लग्नात तुम्हीच मांडव घातलात. माझी बायको पहिल्यांदा माहेरी गेली तेव्हा तुम्हीच तिला पोचवायला गेलात, कारण मी चुकीच्या गाडीत बसून मिरजेला पोचलो होतो. लग्नसराईत छापखान्याचं पायमशीन अडलं आणि मालकांनी मला दारात उभं केलं, तेव्हा तुम्ही पलूसहून सायकल मारत आलात, स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाला लावून मशीनचं दुखणं ऐकलंत आणि तासाभरात ते चालू केलंत. मालक काही द्यायला लागले तर म्हणालात, "मला ही अक्षरं वाचायला शिकवा." मी शिकवलं. उलटी ओळ तुम्हाला दहा मिनिटांत वाचता यायला लागली. मग माझ्याकडं बघून म्हणालात, "आत्ता कळलं. दिसभर उलटं वाचतोस, म्हणून घरला येऊन उलटं सांगतोस."

मी हसलो. ते कशाबद्दल होतं, हे मला तेव्हा कळलं नाही. किंवा कळून घेतलं नाही.

मग आबा गेले, खरोखर गेले. त्या वेळी मी कार्ड टाकलं नाही, स्वतः आलो. अक्का आली, रीतीप्रमाणं सगळं केलं, पण त्यांच्या पायाशी बसली नाही, लांब बसली. ते मी बघितलं. आणि तरीही वर्ष उलटल्यावर तुमच्या पुतणीच्या लग्नात, जानवशात, माणसं म्हणाली, "सदा, ती कार्डाची सांग की," आणि मी सांगितली. आबांचा आवाज काढून सांगितली. "माझाच हात" म्हणताना त्यांच्यासारखी मान हलवली. फार रंगली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही मला बरोबर घेतलंत. नदीकडच्या एका विहिरीवर इंजिन बंद पडलं होतं, पाना धरायला माणूस पाहिजे म्हणालात. मी पाना धरून उभा, तुम्ही खाली वाकलेले, कोपरापर्यंत ग्रीस. वर न बघता म्हणालात, "सदोबा, गोष्ट लय झकास सांगतोस."

"तुमचा आशीर्वाद."

"पर आबांच्या कानांत त्या म्हैन्यात औषधाचं बोळं हुतं. दोनी कानांत."

ऊस वाऱ्यानं सळसळत होता.

"कोण म्हणलं?" मी विचारलं.

"आबाच म्हणलं. जायच्या आदी सा म्हैनं. म्हणलं, पावणं, माझ्या कानात कापूस हुता, म्या कशापायी कान कोरीन? पोरगं सोयऱ्याम्होरं भ्यालं आन बोलून गेलं. ऱ्हाऊ द्या, त्याचं लगीन मोडंल."

"लगीन तर कवाच झालं हुतं."

"त्येच म्या बी म्हणलं. तर म्हणलं, आता सांगितलं तर त्याची बायकू त्याला हसंल."

मी पाना खाली ठेवला. तुम्ही म्हणालात, "उचल. काम व्हायचंय अजून." मी उचलला. मग हाताचं ग्रीस पुसत म्हणालात ते एवढंच: "नोकरीचं मला काय न्हाई. ती गेली तर गेली. पर तुझ्या भैनीला सांग. ती आबांवर डूख धरून बसलीया."

"तुमीच सांगा की दाजी. तुमचं ती ऐकती."

"म्या सांगितलं तर ती चुगली हुईल. तू सांगितलंस तर कबुली. त्यात फरक हाय गड्या."

"सांगतो."

"कवा?"

"दिवाळीत."

त्या दिवाळीपास्नं आपलं ते भांडण सुरू झालं. भांडण म्हणजे काय, तुमचं एकच वाक्य आणि माझी नवी नवी कारणं. भेट झाली की तुम्ही रामराम घालायच्या आधी विचारायचात, "सांगितलंस?" मी म्हणायचो, "संक्रांत होऊ दे, तिळगूळ देताना सांगतो, गोड तोंडानं ऐकंल." संक्रांत झाली. "आता उन्हाळ्यात नगं, तिला डोस्कं दुखतंय." पाऊस आला. "रानातली कामं आटपू द्या." तुम्ही मान हलवायचात. रागावला असतात तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसाशी मला बोलता येतं. तुम्ही नुसते थांबायचात, इंजिन गरम व्हायची वाट बघावी तसे.

एकदा अक्कानं ते ऐकलं. "काय सांगायचं हाय रं तुला?" तिनं विचारलं. तुम्ही माझ्याकडं बघितलंत. वाट मोकळी करून दिलीत, अगदी हात धरून दारापर्यंत नेलंत. आणि मी म्हणालो, "काय न्हाई, तुला लुगडं घ्यायचं म्हणतोय, रंग सांगायचा हुता." आठ दिवसांनी मला खरोखर लुगडं घेऊन यावं लागलं. मोरपंखी. तिनं ते नेसून दाखवलं. तुम्ही बघितलंत आणि म्हणालात, "रंग चांगला हाय. दुसरं कवा सांगतोस?" त्या दिवशीही आपण दोघं हसलो. ती पण हसली, तिला वाटलं तुम्ही दुसरं लुगडं मागताय.

गेल्या महिन्यात तुम्ही सांगलीला आलात, कुणाच्या तरी इंजिनाच्या रिंगा घ्यायला. छापखान्यात डोकावलात. मी जुळवत होतो ती ओळ तुम्ही उलटी वाचून दाखवलीत, एक काना राहिलाय म्हणून मला चूक काढून दिलीत. आपण चहा घेतला. मी तुम्हाला स्टँडवर सोडायला आलो. वाटेत मी कारण तयार करत होतो. यंदा द्राक्षाचा हंगाम संपला की, असं काहीतरी. तुम्ही खिडकीशी बसलात, रिंगांचा पुडा मांडीवर. मी खाली उभा, तुमच्या प्रश्नाची वाट बघत. तुम्ही विचारलंत, "पोरं बरी हायती न्हवं?"

मी म्हटलं, बरी आहेत. गाडी सुटली.

दाजी, मला काय वाटलं सांगू? हलकं वाटलं. विसरले, सुटलो, असं वाटलं. आणि त्या आनंदात मी स्टँडवरच भज्यांची एक प्लेट खाल्ली. तुम्ही मला शेवटचं भेटून गेलात आणि मी त्याची भजी खाल्ली. आता दहा दिवस तेच मनात घोळवतोय. विसरला होतात, की माझ्यावरचा विश्वास उडाला होता? की तुम्हाला छातीतलं दुखणं आधीच लागलं होतं आणि जाता जाता मेव्हण्याला कशाला छळा, असं वाटलं? तुम्ही तसे होतात. इंजिन सुधारत नसेल तर मालकाला वाईट वाटू नये म्हणून "वयच झालंय त्येचं" म्हणून उठायचात. माझ्या बाबतीतही तसंच उठलात का?

कावळा शिवल्यावर आम्ही नदीवरनं घरी आलो. जेवणं झाली, माणसं पांगली. अक्का मागच्या दारात सूप घेऊन तेराव्याचे तांदूळ निवडत बसली होती. मी समोर बसलो. मला कुणी अडवलं नव्हतं. तुम्ही नव्हता, आबा नव्हते, कावळाही उडून गेला होता. आता सांगितलं नसतं तर कुणालाच कळणार नव्हतं, आणि तेच मला सहन होईना.

"अक्का," मी म्हणालो, "त्या कार्डाचा कोपरा म्या फाडला हुता. आबांनी न्हाई."

तिनं हात थांबवला नाही. "कंच्या कार्डाचा?"

म्हणजे मला सगळी गोष्ट सांगावी लागली. पहिल्यापासून. मी ती शंभर वेळा सांगितलीय, पण तेव्हा मला येईना. हंबरड्याच्या जागी आलो आणि पुढचं वाक्यच सुचेना. कसाबसा शेवटाला पोचलो. पाच मुलींचं सांगितलं, सासऱ्याच्या हातातल्या पेढ्याचं सांगितलं. ते सांगताना माझं मलाच कळलं, की एका पेढ्यासाठी मी बापाला विकलं होतं. कुणी हसलं नाही.

तिनं विचारलं, "आन आबा?"

"त्यांच्या कानात कापूस हुता. त्यास्नी ठावं हुतं म्या फाडला म्हणून. माझ्यासाठी गप्प ऱ्हायलं."

ती तांदूळ निवडत राहिली. खडा सापडला की बाजूला, खडा सापडला की बाजूला. मग म्हणाली, "शेवटचं आलं तवा गुळाची ढेप घिऊन आलं हुतं. सांगलीस्नं. स्टँडपास्नं खांद्यावर. म्या म्हणलं, आमच्यात हाय गूळ. बसा बी म्हणलं न्हाई. तशीच उचलून माघारी घिऊन गेलं."

ती ढेप मला आठवली, दाजी. आबा ती घेऊन घरी आले आणि आम्हाला म्हणाले, "अक्काकडं लय गूळ हाय, ठिवायला जागा न्हाई म्हणती. तुमी खावा." आम्ही दोन महिने तो गूळ खाल्ला. पोरांनी पोळीशी खाल्ला. मी चहात घातला.

हे मी तिला सांगितलं नाही. सांगायला पाहिजे होतं का, मला कळत नाही. एका दिवसात किती खरं बोलावं, याचा मला अनुभव नाही.

मला वाटलं, झालं. आता ती मला बोलेल, मारेल, हाकलून देईल. त्याची माझी तयारी होती. पण ती माझ्यावर थांबलीच नाही. पुढं गेली. सूप मांडीवर स्थिर धरून तिनं विचारलं, "ह्यास्नी म्हाईत हुतं?"

हे मी धरलंच नव्हतं. दहा दिवस मी माझ्या कबुलीची तालीम करत होतो आणि त्या कबुलीत तुम्हीही उघडे पडणार, हे माझ्या उलट्या डोक्यात आलं नाही. न्हाई म्हटलं तर तिला नवरा तरी स्वच्छ राहील. एक शब्दाचं काम. खोचून टाकावं आणि ओळ घट्ट करावी. माझी सगळी हयात त्यातच गेलीय.

"व्हय," मी म्हणालो.

"कवापास्नं?"

"चार वर्सं झाली. आबा हुतं तवापास्नं. मला म्हणायचं, तू सांग. म्या सांगितलं तर चुगली हुईल."

तिनं सूप खाली ठेवलं. माझ्याकडं बघितलंच नाही. जिथं तुम्ही जेवायला बसायचात त्या भिंतीकडं बघून, रोजच्याच आवाजात म्हणाली, "आवं, चार वर्सं. माझ्या हातचं जेवत हुता की वो."

एका कार्डानं मी तुमची नोकरी घालवली. एका होकारानं आता हे केलं. तुमच्या कामाला येईल असं माझ्या हातनं काही घडतच नाही, दाजी. खोटं बोललो तरी तुमचं जातं, खरं बोललो तरी तुमचंच.

त्यानंतर ती उठली आणि दुपारभर तुमच्याशी भांडत होती. मनातल्या मनात नाही, चांगलं ऐकू येईल असं. अंगण झाडताना, भांडी घासताना, चूल पेटवताना. "आबा आलं तवा तुमी तितंच हुता. सायकल पुसत हुता. एक शबूद बोलला असता तर म्या त्यास्नी बसवून घेतलं नसतं व्हय?" असं म्हणायची आणि थांबायची. कान दिल्यासारखी. मग "त्ये ऱ्हाऊ द्या, मला शिकवू नगा," म्हणून परत सुरू. शेजारच्या बायका दारात येऊन बघून गेल्या, आणि मी हातानंच त्यांना खुणावलं की असू दे. थोरले एकदा म्हणाले, "पोरी, पाणी पी." ती म्हणाली, "थांबा, माझं हुंदे."

मी उंबऱ्यावर बसून होतो. माझ्या गाडीची वेळ टळून गेली. माझ्याशी ती एक अक्षर बोलली नाही. शिवी दिली नाही, जा म्हणाली नाही, बस म्हणाली नाही. बोलायचं ते सगळं तुमच्याशीच. एकदा मात्र, हातात तवा घेऊन, ती मधेच थांबली ती बराच वेळ थांबली. मान जरा तिरकी, तुमचं लांबलचक काहीतरी ऐकत असल्यासारखी. मग तिनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि परत त्या भिंतीकडं वळून म्हणाली, "बगू म्हणं."

दाजी, काय सांगत होता हो तुम्ही तिला इतका वेळ? माझं काही नाव काढलंत का?